चौथीच्या बाई

मी नोकरीला लागले तेव्हा माझं वय जेमतेम एकोणीस-वीस होतं. वैरागजवळच्या आमच्या खेड्यातून शिक्षिका होऊन बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी. वडिलांनी एसटी स्टँडपर्यंत माझी ट्रंक डोक्यावर आणली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन ते एवढंच म्हणाले, "जरा मोठ्यांदा बोलत जा. तुजा आवाज लई बारीक हाय."

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आमची प्राथमिक शाळा होती. इमारत भाड्याची. माझ्या वर्गाची मागची भिंत मागांच्या कारखान्याला लागून होती. सकाळी माग सुरू झाले की भिंत थरथरायची आणि फळ्याच्या कडेवरचा खडूचा चुरा हळूहळू खाली सांडत राहायचा. मला पहिली दिली होती. पाऊणशेच्या वर मुलं, दाटीवाटीनं तरटावर बसलेली. त्यांतली निम्म्याहून जास्त घरी तेलुगू बोलणारी. मी "पाणी" म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तहान लागली की "नीळ्ळू, बाई, नीळ्ळू" म्हणायची, आणि ते मला कळायचं नाही.

मी ओरडून शिकवायला लागले. मागांच्या खटखटाटावर आवाज चढवायचा, मग मुलांच्या गलक्यावर चढवायचा. दिवाळीच्या आत माझा घसा पार बसला. घरी, म्हणजे भाड्याच्या खोलीवर, गेलं की कंदिलाची काच पुसायचीही ताकद राहायची नाही. भाकरी थापायला घ्यायची आणि पिठात हात तसाच ठेवून बसायची.  सकाळी शाळेच्या वाटेवर आणखी किती वर्षं हे करायचंय याचा विचार आला की पावलं उचलेनात.

एकदा मधल्या सुट्टीनंतर घंटा झाली आणि मी वर्गात गेलेच नाही. दाराआड भिंतीला टेकून उभी राहिले. आत मुलांनी धुमाकूळ घातला होता. तेवढ्यात चौथीच्या बाई व्हरांड्यातून आल्या.

आमच्या शाळेत सगळ्यांना वर्गावरूनच हाक मारायची पद्धत होती. मी पहिलीच्या बाई, शेजारचे दुसरीचे गुरुजी, पलीकडे तिसरीच्या बाई. चौथीच्या बाई सगळ्यांत जुन्या. उंच, काळ्यासावळ्या, अंबाडा घट्ट बांधलेला, तोंडात कायम ज्येष्ठमधाची काडी. गिरणीजवळच्या बौद्ध वस्तीत भाऊ-भावजयीकडे राहायच्या. लग्न केलं नव्हतं. वडील गिरणीत होते. त्यांच्या वस्तीतल्या त्या पहिल्या मास्तरीण. संध्याकाळी त्या घराकडे वळल्या की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं सरकून जागा करायची, असं मी पुढं स्वतः पाहिलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं काहीच नाही. म्हणाल्या, "जा, तोंड धू. मग माझ्या वर्गात जाऊन बस."

"आणि माझी मुलं?"

"ती मी बघते."

त्यांनी आपला सगळा चौथीचा वर्ग माझ्या वर्गात आणला. एकेका मोठ्या मुलीजवळ दोन-दोन लहान मुलं बसवली. मोठ्या मुलींना दोन्ही भाषा यायच्या. त्या तेलुगूत सांगायच्या, मराठीत पाटीवर काढून दाखवायच्या. दारातून मी बघत होते. बाई नुसत्या हिंडत होत्या. आवाज चढवला नाही. माग धडधडत होते, तरी वर्ग शांत.

"अजून उभीच?" त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या. "जा म्हटलं ना. पाय वर घेऊन बस. वह्या तपासायच्या नाहीत, विणकाम काढायचं नाही. नुसतं बसायचं."

तेव्हापासून रोज शेवटचा तास असा व्हायला लागला. हेडमास्तरांना त्यांनी सांगितलं की चौथीच्या मुलींना वाचनाचा सराव मिळतोय. मी रिकाम्या वर्गात बसायची. पहिले काही दिवस नुसती रडायची. मग झोप यायला लागली. मग एकदा लक्षात आलं की आपण खिडकीतून समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचे रंग बघतोय, आणि बराच वेळ दुसरं काही डोक्यात आलेलं नाही. त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मी एकदा त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही हे का करता?"

"मला नोकरी लागली तेव्हा मी दोन वर्षं रोज उलटी करून शाळेत यायची," त्या म्हणाल्या. "घरचे म्हणायचे, पित्त आहे."

मग दुष्काळ आला. शाळेच्या आसपास खेड्यांतून आलेल्या माणसांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ज्यांना खडी फोडायचं काम मिळालं ते तिकडे गेले, पोरं आमच्याकडे आली. चौथीच्या वर्गात बसायला जागा उरली नाही तेव्हा बाईंनी फळा काढून व्हरांड्यात लावला आणि अर्धा वर्ग बाहेर बसवला. प्रार्थनेच्या वेळी रोज एखादं पोर खाली पडायचं. आम्ही त्याला उचलून सावलीत न्यायचो. सरकारकडून सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, यायची, ती वाटायचं काम आमच्याकडेच. पोती उतरवून घ्यायची, मोजून वाटायची, भांडणं सोडवायची. मोठी पोरं लहानांच्या हातातली हिसकावून घ्यायची. दुपारी चारपर्यंत शिकवणं म्हणाल तर एखादी कविता व्हायची.

बाईंनी त्या दिवसांत कधी कुरकूर केली नाही, पण त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला. माझा शेवटचा तास मात्र त्यांनी सोडला नाही. मीच एक दिवस म्हटलं, "बाई, आता मला जमतं. आता तुम्ही बसा." त्या हसल्या आणि वर्गात गेल्या. बसणं त्यांना येतच नव्हतं.

पाऊस-पाणी झालं, झोपड्या उठल्या, सगळं रुळावर येतंय असं वाटेपर्यंत आणीबाणी आली. सुरुवातीला आम्हाला त्यात काही वाटलं नाही. शाळा वेळेवर भरायला लागल्या, तपासणीचे साहेब वरचेवर यायला लागले, एवढंच. मग एके दिवशी सगळ्या शिक्षकांना एका हॉलमध्ये बोलावलं. व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी माईकवरून सांगितलं की कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रत्येक शिक्षकानं माणसं तयार करून आणायची. 'केस' हा त्यांचा शब्द. ज्याच्या केसेस पूर्ण होणार नाहीत त्याचा पगार थांबेल, बदलीही होईल.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "साहेब, मग वर्गावर कधी जायचं?"

"शिकवणं होत राहील," अधिकारी म्हणाले. "आधी हे."

शाळा सुटली की आम्ही वस्तीत हिंडायला लागलो. ज्या घरांतून आम्हाला गूळ-पाणी मिळायचं ती दारं आम्हाला बघून लागायला लागली. बायका आतून कडी घालायच्या. पोरांना शिकवून ठेवलं होतं, बाई आल्या की सांग, आप्पा घरी नाहीत. शाळेत टोचून पोरांनाही वांझ करतात अशी अफवा उठली आणि माझ्या वर्गातली निम्मी तरटं रिकामी पडली. मला ज्यांनी 'बाई' म्हणून कवटाळलं होतं ती लहान पोरं रस्त्यात मला बघून पळायची.

माझं म्हणाल तर माझ्या वडिलांनी गावाकडून दोन माणसं पाठवली. त्यांतल्या एकाचं वय साठीला टेकलेलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही. कागदावर केस झाली.

चौथीच्या बाईंना असं कुणी माणसं पाठवणार नव्हतं. ऑफिसातून त्यांना सुचवलं गेलं, तुमच्या वस्तीतूनच आणा, तुमचं तिथं वजन आहे.  बाईंनी वस्तीत एकालाही विचारलं नाही. महिना संपत आला, पगार थांबला, दुसरा महिना लागला. भावाला गिरणीत तेव्हा धड काम नव्हतं. हेडमास्तर रोज त्यांच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे. निवृत्तीला आलेला भित्रा माणूस. हात जोडून म्हणायचे, "बाई, एक तरी आणा हो. एक आणली तर मी वर काहीतरी सांगू शकतो."

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, विणकराची. वर्गात हुशार, अक्षर मोत्यासारखं. पहिलीत मी शिकवलेली, मग लहानांना शिकवायला माझ्या वर्गात येणारी. तिच्या पाठची तीन भावंडं. बाई तिच्या वडिलांकडे गेल्या. मी बरोबर होते. तो मागावरून उतरून बाहेर आला, अंगावर सुताचे तंतू चिकटलेले. बाईंनी त्याला सरळ सांगितलं. धाक घातला नाही, आमिषही दाखवलं नाही. चार मुलं आहेत, पुरे झालं. शस्त्रक्रिया छोटी असते. आणि मलाही वरून सांगितलंय, असं सगळं खरं खरं सांगितलं.

तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दुसरं कुणी आलं असतं तर मी मागच्या दारानं गेलो असतो. तुमी सांगताय तर येतो की, बाई."

त्याला जीपमधून शिबिराला नेलं. दुसऱ्या दिवशी तो शिबिरात बक्षीस मिळालेली प्लॅस्टिकची नवी बादली घेऊन घरी आला. आठवडाभरात ताप भरला. जखम चिघळली. बाई शाळेच्या आधी आणि शाळेनंतर त्याच्या घरी जायच्या. रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं. शिबिराचे डॉक्टर कुठून आले होते आणि कुठं गेले, ते कुणालाच सांगता येईना. माग बंद पडला. महिना भरायच्या आत माणूस गेला.

आम्ही त्याच्या घरी गेलो. दारात बायकांची गर्दी होती. आमच्याकडे बघून त्या बाजूला झाल्या. बाईंच्या मागं मी, माझ्या मागं तिसरीच्या बाई. कोपऱ्यात ती बादली पाण्यानं भरून ठेवलेली होती. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं आता ती उठेल, बाईंच्या अंगावर धावून येईल. तिनं डोळे वर केले, बाईंना ओळखलं, आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, पोरगी थोडे दिवस शाळेला येणार नाही. रागावू नका."

बाई तिथून बाहेर आल्या त्या चालतच राहिल्या. आम्ही हाका मारल्या, त्यांनी वळून पाहिलं नाही.

मुलगी दिवस-कार्य झाल्यावर शाळेत आली. पहिल्या ओळीत आपल्या जागेवर बसली. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. हजेरीत आम्ही मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण घ्यायचो. बाई त्या मुलीच्या नावापर्यंत आल्या. तिचं नाव त्यांनी घेतलं आणि थांबल्या. मग आडनाव घेतलं. मुलगी "हजर" म्हणाली. पुढची काही नावं झाली आणि मागच्या ओळीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, तिच्या वडलांचं नाव का घेतलं न्हाय?"

हे मला बाईंच्याच तोंडून कळलं. पुढं त्यांनी सगळ्या वर्गाचीच वडिलांची नावं गाळली. नंतर नावं गाळून नुसते क्रमांक घ्यायला लागल्या. नंतर हजेरी घेणंच बंद केलं. शिकवताना त्या फळ्याकडे तोंड करून बोलायच्या. एखादं उदाहरण मांडायच्या, पुसायच्या, परत तेच मांडायच्या. ज्येष्ठमधाची काडी बंद झाली. डबा उघडायचा आणि तसाच मिटायचा. मी विचारलं की म्हणायच्या, "पित्त आहे."

एका सोमवारी प्रार्थना झाली, वर्ग भरले. व्हरांड्यात आलं की पलीकडचा त्यांचा वर्ग ऐकू यायचा. त्या दिवशी काहीच ऐकू येईना. मला वाटलं लिखाण दिलं असेल. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी चौथीची मुलं बाहेर आली नाहीत. मी जाऊन पाहिलं. बाई खुर्चीवर बसलेल्या होत्या. समोर हजेरीपत्रक उघडं, हातात पेन. मुलं प्रार्थनेपासून तशीच बसून होती, घाबरून गप्प. एक-दोघींच्या डोळ्यांत पाणी.

"बाई," मी म्हटलं, "चला, सुट्टी झाली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी सावकाश विचारलं, "पुढचं नाव काय गं?"

आम्ही त्यांना धरून सामानाच्या खोलीत नेलं. दुष्काळात सुकडीची पोती ठेवायचो, ती खोली. तिसरीच्या बाईंनी आपल्या डब्यातली कडक भाकरी चुरून, त्यावर शेंगाचटणी आणि दही घालून त्यांना लहान मुलासारखं भरवलं. त्यांनी खाल्लं. डोळे मात्र कुठंतरी दुसरीकडेच होते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं व्हरांड्यात उभे राहून बोललो. बाईंच्या नावावर रजा शिल्लक नव्हती, विणकराच्या आजारपणात सगळी संपली होती. बिनपगारी रजेचा अर्ज केला असता तर कारण द्यावं लागलं असतं, आणि वरचे लोक त्या दिवसांत कुणाला तरी काढून टाकायला निमित्तच शोधत होते. दुसरीचे गुरुजी म्हणाले, "आपण वर्ग वाटून घेऊ. त्यांनी शाळेत यायचं, या खोलीत बसायचं. कुणाला काही सांगायचं नाही."

हेडमास्तरांना सांगणं भाग होतं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही." आम्ही तो होकार धरला.

तसे दोन-अडीच महिने गेले. सकाळी मी चौथी आणि पहिली एकत्र बसवायची, जसं त्यांनीच मला शिकवलं होतं तसं. दुपारी गुरुजी घ्यायचे. शनिवारी शाळा सकाळची असायची. सुटल्यावर आम्ही दार लोटून त्या खोलीत बसायचो, स्टोव्हवर चहा करायचो. आधी बाई नुसत्या ऐकायच्या. मग एका शनिवारी तिसरीच्या बाईंनी सांगितलं की त्या घरी मुलाला विनाकारण मारतात, हात आवरत नाही. दुसरीच्या गुरुजींनी सांगितलं की ते गेले सहा महिने झोपेची गोळी घेतात. आम्ही इतकी वर्षं शेजारी शेजारी शिकवत होतो, कुणालाच कुणाचं हे माहीत नव्हतं. बाईंनी गुरुजींच्या हातावर हात ठेवला. त्या दिवसापासून त्या थोडं थोडं बोलायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "शिवणाचा तास मी घेऊन बघते." घेतलाही. मुली सुया ओवत होत्या, बाई दोरे कापून देत होत्या. ती मुलगीही होती. मी दारातून बघितलं, तिचा दोरा बाईंनी शेजारच्या मुलीच्या हाती दिला, पण त्या खोलीत परत गेल्या नाहीत. तास संपेपर्यंत थांबल्या.

मला वाटलं, निभावलं.

हेडमास्तरांना शनिवारची बैठक खुपत होती. ते एकदा दारात आले. "अहो, चार माणसं दार लावून बसलेली कुणी पाहिली तर काय म्हणेल? दिवस कसले आहेत! माझ्या शाळेत मीटिंगा चालतात असं कुणी वर कळवलं तर?"

"आम्ही चहा पितो," मी म्हटलं.

"दार उघडं ठेवून प्या. नाहीतर पिऊ नका."

दार उघडं ठेवल्यावर बोलणं संपलं. पुढच्या शनिवारी आम्ही माझ्या खोलीवर जमायचं ठरवलं, पण गुरुजी आले नाहीत. त्यांच्या ओळखीच्या एका शिक्षकाला कुठल्याशा सभेपायी धरून नेलं होतं. घरात बायको-पोरं, त्यांना कोण काय म्हणणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तपासणीचे साहेब न सांगता आले. माझ्या वर्गात पहिली-चौथी एकत्र बसलेली. त्यांनी विचारलं, चौथीच्या बाई कुठं आहेत? हेडमास्तर म्हणाले, आजारी आहेत. मग रजा का नाही? हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब स्वतः चालत गेले आणि त्यांनी सामानाच्या खोलीचं दार उघडलं. बाई उठून उभ्या राहिल्या. हातात मुलींच्या शिवणाचं कापड होतं.

"काय होतंय तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी ते कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या, "साहेब, मी संपलेय."

साहेबांना ते समजलं नाही. आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, विनंती केली की त्यांना दोन महिने विश्रांती द्या, वर्ग आम्ही सांभाळतो, काही जादा मागत नाही. "विश्रांती कशाची? रोग कोणता?" साहेब म्हणाले. "थकवा हा काही रोग आहे का? थकतो तर मीही. डॉक्टरचा दाखला आणा." आम्ही बाईंना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. शक्तीचं औषध दिलं. दाखल्यावर लिहिलं, प्रकृती ठीक.

बदलीचा हुकूम आला. अक्कलकोटच्या पुढं, सरहद्दीजवळच्या एका गावात, जिथं घराघरात कानडी. एकशिक्षकी शाळा. बाई गेल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले होते. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसल्या. काही आठवड्यांनी त्यांचा भाऊ शाळेत आला, हेडमास्तरांकडे राजीनामा कसा द्यायचा ते विचारायला. तिथल्या गावकऱ्यांनीच त्याला निरोप पाठवला होता. बाई रोज शाळा उघडायच्या, मुलं आत बसायची, आणि बाई संध्याकाळपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायच्या.

ती विणकराची मुलगी चौथी पास झाली. पाचवीला गेली नाही. आईबरोबर विड्या वळायला बसली. मी तिच्या आईला भेटून खूप सांगितलं. तिनं माझं ऐकून घेतलं, चहा दिला. पण शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून काही करायचे दिवस त्या घरातून गेले होते.

बाईंच्या घरी मी दोनदा गेले. त्या निवडटिपण करत बसायच्या. भावजय त्यांना फार जपायची. मी शाळेचं काही काढलं की बाई हात वर करून मला थांबवायच्या. मग आम्ही दोघी मिळून तांदूळ निवडायचो आणि मी उठायची.

पुढं निवडणूक लागली. मतदानाचं काम अर्थात शिक्षकांवरच. मला गिरणीच्या भागातली एक शाळा मिळाली. बोटाला शाई लावायचं काम. लोक सकाळपासून रांगा लावून उभे होते. कुणी फारसं बोलत नव्हतं, पण लोक काहीतरी मनात धरून आलेत हे कळत होतं. दुपारच्या सुमारास मला रांगेत बाई दिसल्या. भावजयीबरोबर. धुतलेलं पांढरं लुगडं, पदर डोक्यावर. आधीपेक्षा खूप वाळलेल्या. पुढं सरकत सरकत त्या वर्गाच्या उंबऱ्याशी आल्या. भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते होते, फळ्यावर आदल्या दिवशीची तारीख आणि एकूण पट तसाच. बाईंनी एक पाय उचलला, आणि तो आत न टाकता मागं घेतला.

"अहो बाई, रांग सोडू नका," कुणीतरी ओरडलं.

भावजय एकटीच आत आली. मी तिच्या बोटाला शाई लावली. ती हळू आवाजात म्हणाली, "आत यायला तयार न्हाईत. म्हनल्या, तूच टाक. आज मत टाकायचंच म्हनून पहाटंपासनं तयार होऊन बसल्या होत्या. बाहेर लिंबाखाली हाईत."

मी केंद्राच्या साहेबांना विनवून पाच मिनिटांची सुट्टी घेतली. बाई झाडाखालच्या दगडावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले.  "उन्हाचं आलात," असं काहीतरी म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. दिवसभर शाई लावून माझी बोटं काळीजांभळी झाली होती. त्यांनी पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि माझी बोटं पुसायला लागल्या, एकेक, पहिलीतल्या मुलाची पुसावीत तशी.

"निघत नाही ती शाई, बाई," मी म्हटलं. "कितीतरी दिवस राहते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या.

आत रांग खोळंबली होती. कुणीतरी दारातून माझ्या नावानं हाक मारली. मी हात सोडवून घेतला आणि आत गेले.